दर्शनी भिंतीचा ताळेबंद

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील पेठांमधून गेल्या काही वर्षांत एक नवी हौस रूढ झाली आहे. घराच्या दिवाणखान्यातील टीव्हीमागची किंवा दुकानातील गादीमागची एक भिंत उभ्या लाकडी पट्ट्यांनी मढवायची आणि वरून मंद प्रकाश सोडायचा. सुतार त्याला ‘लुव्हर’ म्हणतात, दुकानदार ‘फ्लूटेड पॅनेल’ किंवा ‘चारकोल पॅनेल’ म्हणतात, तर घरातील मंडळी सरळ ‘लाकडी भिंत’ म्हणतात. वस्तुतः यांतील बहुतेक भिंतींत लाकूड नसतेच. जे असते ते लाकडासारखे दिसते, एवढेच.

या हौसेत गैर काही नाही. घर प्रसन्न दिसावे, आलेल्या पाहुण्याला आणि ग्राहकाला बरे वाटावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. एक भिंत सजविण्यास लागणारा खर्च संपूर्ण घराच्या नूतनीकरणापेक्षा कितीतरी कमी असतो. तथापि व्यापारी कुटुंबाने या खर्चाकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहणे उचित ठरते. ताळेबंद कितीही देखणा असला, तरी त्यामागची येणी बुडीत असतील तर तो देखणेपणा वर्षभरही टिकत नाही. पॅनेल लावलेली भिंत हाही एक ताळेबंदच होय. समोर जमेची बाजू दिसते. ओल, लोणा, वाळवी, विजेचे सैल सांधे ही देण्याची बाजू मागे झाकली जाते. म्हणून भिंत झाकण्यापूर्वी ती वाचावी, आणि ज्या मालाने झाकायची त्याचे खरे नाव जाणून घ्यावे. या लेखाचा सारा आशय या दोन गोष्टींत आहे.

जिल्ह्यातील एक जुनी दर्शनी भिंत

दर्शनी भिंतीचा एक नमुना वर्धा शहरापासून सुमारे ८ किलोमीटर अंतरावर उभा आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावात राहावयास आले. हेच सेगाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. आज ‘बापू कुटी’ म्हणून ओळखली जाणारी झोपडी मुळात मीराबेन यांच्यासाठी बांधलेली होती. तिच्या मातीच्या भिंतींवर मीराबेन यांनी ताडाची झाडे आणि चरखा यांच्या उठावदार आकृती काढल्या. ते साहित्य बाहेरून आणलेले नव्हते. भिंत ज्या मातीची, नक्षीही त्याच मातीची.

प्रत्येकाने मातीच्या घरात राहावे असा याचा अर्थ नव्हे. पेठेतील सिमेंटच्या घराला ते शक्यही नाही. परंतु त्या भिंतीपासून एक क्रम शिकता येतो. आधी भिंत धड करण्यात आली, मग तिच्यावर शोभा आली. आणि शोभेने भिंतीचे काहीही लपविले नाही. त्या भिंतीला ओल लागली तर ती लगेच दिसते, तडा गेला तर लिंपून घेता येतो. पॅनेलच्या भिंतीत नेमकी हीच सोय हरवते. त्यामुळे जी तपासणी मातीच्या भिंतीत रोज डोळ्यांनी होते, ती येथे काम सुरू करण्यापूर्वीच पूर्ण करावी लागते.

भिंत वाचणे

वर्धा जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उभ्या असलेल्या जुन्या घरांच्या भिंतींना तडे जाणे व पायातून ओल वर चढणे ही नित्याची बाब आहे. जुन्या बांधकामांत जोत्याच्या पातळीवर ओल अडविणारा थर अनेकदा नसतो. त्यामुळे जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत रंग सुटतो आणि पांढरा क्षार, म्हणजे लोणा, बाहेर येतो. पॅनेलची कल्पना अनेक घरांत याच भिंतीपासून सुरू होते, कारण तीच भिंत नजरेला खुपत असते.

ओल आहे किंवा नाही हे ठरविण्यासाठी यंत्राची गरज नाही. दोन फूट बाय दोन फूट आकाराचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात आणि दोन दिवस तसाच राहू द्यावा. प्लॅस्टिकच्या आतील, म्हणजे भिंतीकडील बाजूस पाण्याचे थेंब जमले, तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूस दमटपणा असेल, तर तो हवेतील आहे. हा प्रयोग भिंतीच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या भागात तीन ठिकाणी करावा. खाली ओल असेल तर ती बहुधा जमिनीतून, वर असेल तर गच्चीतून, आणि मध्येच एखाद्या पट्ट्यात असेल तर पलीकडील न्हाणीघराच्या नळातून आलेली असते. तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. पॅनेल हा त्यांपैकी कशाचाही उपाय नाही.

येथे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. दिवाळी झाली आहे, मुलीचे लग्न सहा आठवड्यांवर आले आहे, आणि दिवाणखान्यातील भिंतीवर पावसाळ्यातील ओलीचा डाग तसाच आहे. मुलगा म्हणतो, “बाबूजी, तीन दिवसांत पॅनेल बसतील, डाग दिसणारही नाही.” वडील म्हणतात, “आधी गच्चीवर जाऊन पाहू, बेटा.” दोघांचेही म्हणणे समजण्याजोगे आहे. पाहुणे येणार आहेत हे खरे. वेळ कमी आहे हेही खरे. पण गच्चीची फट बुजवून, भिंतीचा फुगलेला गिलावा काढून, नवा गिलावा करून तो वाळू देण्यास तीन-चार आठवडे लागतात. सहा आठवड्यांत हे बसते. ते टाळून पॅनेल बसविले तर लग्न साजरे होईल. पुढील आषाढात मात्र पॅनेलमागे बुरशी धरेल, श्रावणात वास येईल आणि त्यानंतर सारे उखडून तोच गिलावा करावा लागेल. पॅनेलचा खर्च तेव्हा दुसऱ्यांदा होईल. वेळ खरोखरच अपुरा असेल, तर लग्नापुरता भिंतीला साधा रंग देऊन पॅनेलचे काम नंतर घेणे हा शहाणपणाचा मार्ग होय.

जैन कुटुंबासाठी या तपासणीला आणखी एक कारण आहे. भिंत आणि पॅनेल यांमधील अर्धा-पाऊण इंच पोकळीत अंधार, ऊब आणि ओल एकत्र आली, की झुरळे, वाळवी आणि इतर सूक्ष्म जीव तेथे वस्ती करतात. मग औषध फवारण्याची वेळ येते आणि घरात ज्या हिंसेचा विचारही नको असतो ती पत्करावी लागते. जीवांना मारावे लागू नये यासाठी त्यांना राहण्याजोगी जागाच निर्माण होऊ न देणे, ही जयणा. ती फवारणीच्या दिवशी पाळता येत नाही. सुतार पहिला खिळा ठोकतो त्या दिवशी पाळावी लागते.

मालाची खरी नावे

बाजारात लाकडासारखी दिसणारी पॅनेले मुख्यतः चार-पाच प्रकारची आहेत. नमुना हातात घेतला असता रंग सारखाच दिसतो. स्वभाव मात्र निराळा असतो.

पहिला प्रकार खऱ्या लाकडाचा. विदर्भाला सागाची उणीव नाही. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीचा साग आणि चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारशाहचा लाकूड आगार प्रसिद्ध आहेत. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये येथूनच सागवान पाठविण्यात आले. साग टिकाऊ आहे आणि हवामानाच्या बदलाने इतर लाकडांच्या तुलनेत कमी हलतो. वर्धेत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. ऑगस्टमध्ये तीच हवा ओथंबलेली असते. लाकूड या बदलाबरोबर रुंदीत आकसते आणि फुगते. म्हणून खऱ्या लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना भिडवून बसवू नयेत, मध्ये फट राखावी. नवा साग महाग असल्यामुळे जुन्या घराच्या तुळया, चौकटी उतरविल्या असतील तर त्यांतून पट्ट्या काढून घेणे उत्तम. लाकूड मुरलेले असते, नवे झाड पडत नाही, आणि आजोबांच्या घराची खूण नव्या घरात राहते. असे लाकूड करवतीखाली देण्यापूर्वी त्यातील जुने खिळे काढावेत आणि वाळवीचे घर नाही याची खात्री करावी.

दुसरा प्रकार एमडीएफचा. लाकडाचा बारीक तंतू डिंकासारख्या रसायनाने दाबून हे तक्ते बनतात आणि त्यांवर यंत्राने खाचा पाडतात. रंगकामासाठी यासारखा गुळगुळीत पृष्ठभाग नाही आणि किंमतही आवाक्यातील असते. परंतु पाणी लागल्यावर एमडीएफ फुगतो तो पुन्हा पूर्ववत होत नाही. फरशी पुसताना दररोज लागणारा ओला फडका त्याच्या खालच्या कडेस पुरेसा असतो. शिवाय त्यातील रसायनातून फॉर्माल्डिहाइड हा वायू हळूहळू बाहेर पडतो. नव्या पॅनेलचा डोळे चुरचुरविणारा वास त्याचाच. म्हणून तक्त्यावर आयएसआय चिन्ह व आयएस १२४०६ हा क्रमांक पाहावा आणि उत्सर्जनाची श्रेणी ई-१ किंवा ई-० आहे का ते विचारावे. एचडीएचएमआर नावाचा तक्ता यापेक्षा घट्ट व आर्द्रतेस अधिक तोंड देणारा असतो. तथापि आर्द्रतारोधक म्हणजे जलरोधक नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा प्रकार डब्ल्यूपीसीचा, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाचा. यास वाळवी सहसा लागत नाही, पाण्याने फुगण्याचा धोका अत्यल्प असतो, आणि एकमेकींत अडकणाऱ्या खाचांमुळे बसविणे सोपे जाते. मात्र उष्णतेने हा माल लांबीत वाढतो. पश्चिमेच्या भिंतीवर, जेथे मे महिन्यात भिंत आतून तापते, तेथे वर-खाली थोडी जागा न सोडल्यास पट्टी मध्यभागी फुगून उठते.

चौथा प्रकार पीव्हीसी आणि तथाकथित चारकोल पॅनेलचा. ‘चारकोल’ या नावामुळे अनेकांस त्यात कोळसा हाच मुख्य घटक असावा असे वाटते. प्रत्यक्षात मुख्य घटक बहुधा पॉलिस्टायरीन किंवा पीव्हीसी हे प्लॅस्टिक असते. हा माल हलका, स्वस्त आणि ओलीस निर्भय असतो. त्याचा दोष आगीच्या वेळी दिसतो. पॉलिस्टायरीन जळताना दाट काळा धूर होतो आणि पीव्हीसी जळताना श्वासनलिकेस जाळणारा आम्लयुक्त वायू निघतो. म्हणून ज्या भिंतीपाशी दिवा, धूप किंवा आरती होते, त्या भिंतीवर हा माल लावू नये. घरदेरासर किंवा देवघर दिवाणखान्यातच असेल, तर त्यामागे आणि दोन्ही बाजूंस दोन-दोन फूट संगमरवर वा टाइल ठेवून मग पॅनेल सुरू करावे.

पाचवा पर्याय बांबूचा. पॅनेलच्या दुकानात तो क्वचित आढळतो, पण या जिल्ह्यास परका नाही. वर्धेजवळ दत्तपूर येथे देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ या संस्थेने माती व बांबूच्या घरबांधणीवर दीर्घकाळ काम केले आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर वनाबाहेर वाढविलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येत राहिलेला नाही, त्यामुळे त्याची तोड आणि वाहतूक सुलभ झाली. बांबू कापल्यावर पुन्हा वाढतो, ही त्याची मोठी जमा. त्यातील पिष्टामुळे भुंगेरा लागतो, ही नावे बाजू. म्हणून बोरिक आम्ल व टाकणखार यांच्या द्रावणात प्रक्रिया केलेलाच बांबू घ्यावा.

माप आणि हिशेब

दुकानातील दर बहुधा नगावर सांगितला जातो, ग्राहक मात्र चौरस फुटाचा विचार करतो. या दोहोंमध्ये रक्कम निसटते. एक उदाहरण घेऊ. भिंत १२ फूट रुंद व १० फूट उंच, म्हणजे १२० चौरस फूट. पॅनेल साडेनऊ फूट लांब व ५ इंच रुंद. एका नगाचे क्षेत्र सुमारे ३.९६ चौरस फूट. समजा एका नगाची किंमत ४०० रुपये आहे. दुकानदार म्हणतो, चौरस फुटास १०१ रुपये पडले; म्हणजे भिंतीस सुमारे १२,१२० रुपये.

आता प्रत्यक्ष पाहावे. खाच एकमेकींत अडकल्यावर ५ इंचांपैकी समजा पावणेपाच इंचच बाहेर दिसतात. १२ फूट म्हणजे १४४ इंच, त्यास ४.७५ ने भागल्यास ३०.३ येतात, म्हणजे ३१ नग लागतील. कापताना मोडण्यासाठी आणि पुढील दुरुस्तीसाठी २ नग अधिक धरावेत. ३३ नगांचे १३,२०० रुपये झाले. दर चौरस फुटास ११० रुपये पडला. शिवाय पॅनेल साडेनऊ फुटांचे आणि भिंत १० फुटांची; अर्धा फूट उघडाच राहिला. झाकलेली भिंत ११४ चौरस फूट धरली तर दर ११६ रुपयांच्या जवळ जातो. यावर कडेच्या पट्ट्या, चिकटद्रव्य, रिपा, दिवे, वायरिंग आणि मजुरी वेगळी. यात दुकानदाराने फसविले असे नाही. प्रश्न कोणत्या मापाने विचारला, एवढाच फरक आहे.

उरलेल्या अर्ध्या फुटाचा निर्णय आधी घ्यावा. वर सांधा जोडल्यास तो कायम दिसतो. त्यापेक्षा खाली ६ इंचांची ग्रॅनाइट वा टाइलची पट्टी घेतली, तर मापही जुळते आणि फरशी पुसण्याचे पाणी पॅनेलला लागत नाही. एमडीएफचे तक्ते ८ फूट बाय ४ फुटांचे येतात. याच भिंतीस रुंदीत ३ तक्ते बरोबर बसतात, पण वर २ फूट उरतात. चौथा तक्ता कापून ते भरता येतात, मात्र ८ फुटांवर आडवा सांधा राहतो. तो नको असल्यास वरच्या २ फुटांना भिंतीचाच रंग द्यावा.

खऱ्या सागाचा हिशेब घनफुटांत होतो. दीड इंच रुंद व पाऊण इंच जाड पट्टी, दोन पट्ट्यांत पाऊण इंच फट, असे धरल्यास १४४ इंचांत ६४ पट्ट्या बसतात. प्रत्येकी १० फूट, म्हणजे ६४० धावते फूट. त्याचे लाकूड बरोबर ५ घनफूट होते. करवत आणि रंधा यांत जाणारे लाकूड एक चतुर्थांश धरले तर सव्वासहा घनफूट खरेदी करावे लागेल. हा आकडा घेऊनच वखारीत जावे. खरेदीची पावती आणि वाहतुकीचा परवाना जपून ठेवावा.

आणखी एक विचार हिशेबातच येतो. संपूर्ण भिंत मढविलीच पाहिजे असे नाही. टीव्हीमागे किंवा बैठकीमागे ४ ते ५ फूट रुंदीचा पट्टा घेतला, तर खर्च निम्म्याहून कमी होतो, उरलेली भिंत श्वास घेते आणि शोभाही उणावत नाही. गरजेपुरते घेणे हा आपल्या घरातील जुनाच नियम आहे.

बसविताना

माल आणल्यावर लगेच ठोकू नये. एमडीएफ व डब्ल्यूपीसी त्याच खोलीत दोन-तीन दिवस आडवे ठेवावे, खऱ्या लाकडास आठवडा द्यावा. खोलीच्या हवेशी त्याची सवय होते. भिंत सरळ असेल तर पॅनेल थेट चिकटविता येते व मागे पोकळीच राहत नाही. जीवजंतूंच्या दृष्टीने हा उत्तम मार्ग. भिंत वाकडी असेल तर रिपा ठोकाव्या लागतात. अशा वेळी रिपा साध्या देवदाराच्या न घेता डब्ल्यूपीसीच्या घ्याव्यात, कारण वाळवी आधी स्वस्त लाकूड शोधते. पॅनेलची खालची कड फरशीपासून किमान अर्धा इंच वर ठेवावी, आणि कडेच्या सर्व फटी सिलिकॉनने बंद कराव्यात.

टीव्हीमागील वायरींचे सांधे पॅनेलखाली गाडू नयेत. प्रत्येक वायर नळीतून न्यावी, सांधा फक्त उघडता येणाऱ्या डब्यात असावा, आणि बटणांचे डबे पॅनेलच्या पातळीपर्यंत पुढे आणावेत. सुतार आणि वायरमन यांनी एकाच दिवशी समोरासमोर बोलून हे ठरविणे इष्ट. काम झाकण्यापूर्वी वायरींच्या मार्गाची छायाचित्रे काढून घरातील कागदपत्रांत ठेवावीत. निदान एक पॅनेल स्क्रूवर बसवून घ्यावे. वर्षातून एकदा ते उघडून मागची भिंत पाहता येते.

अखेरचा हात

पीव्हीसी, चारकोल आणि बहुतेक डब्ल्यूपीसी पॅनेलांवर कारखान्यातूनच लाकडाच्या रेषांचा थर येतो. त्यांना पॉलिश करण्याचा प्रयत्न करू नये. फक्त कापलेल्या कडा पट्टीने झाकाव्यात. खरेदीच्या वेळी चार-पाच नग शेजारी ठेवून रेषांची नक्षी किती वेळा तीच येते ते पाहावे. प्रत्येक नगावर तीच गाठ दिसली, तर भिंतीवर छापील कापड लावल्यासारखे वाटते. फार चकचकीत थरावर दिव्याची तिरीप पडून भिंतीची प्रत्येक उंच-सखल जागा दिसते; मंद थर अधिक शोभतो.

खऱ्या लाकडाचे व एमडीएफचे मात्र काम येथूनच सुरू होते. लाकडास १२०, मग १८०, मग २२० क्रमांकाचा पॉलिश पेपर रेषेच्या दिशेनेच मारावा. धूळ पुसून सीलरचा हात द्यावा, वाळल्यावर ३२० क्रमांकाने हलके घासावे, मग दोन हात अंतिम पॉलिशचे. बहुतेक ठिकाणी फक्त समोरची बाजू रंगविली जाते. मागची बाजू कोरी राहिल्याने ती ओल शोषते आणि पट्टी वाकते. दोन्ही बाजू, आणि विशेषतः कापलेली टोके, यांना हात द्यावा. एमडीएफच्या खाचांत प्रायमर जास्त मुरतो, म्हणून तेथे दोनदा लावावा.

पॉलिश कोणते, हा प्रश्न जैन घरात नुसत्या चमकेचा नाही. पारंपरिक स्पिरिट पॉलिश लाखेचे असते, आणि लाख हा कीटकांनी झाडावर सोडलेला स्राव होय; तो गोळा करताना असंख्य कीटक मरतात. श्रावकासाठी वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याची गणना आहे. पूर्वजांनी जो व्यापार टाळला, तो माल नकळत भिंतीवर यावा हे बरे नव्हे. मेणाच्या पॉलिशमध्ये मधमाशांचे मेण असू शकते. रंगाचा पारंपरिक ब्रश अनेकदा डुकराच्या केसांचा असतो. सुतारकामात १९५९ मध्ये फेविकॉल येण्यापूर्वी सर्रास वापरला जाणारा सरस जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून बनतो. तो आज क्वचित दिसतो, तरीही विचारून घ्यावे. या प्रत्येकास सोपा पर्याय आहे. लाखेऐवजी मेलामाइन किंवा पीयू, मधमाशांच्या मेणाऐवजी कार्नौबा हे वनस्पतिजन्य मेण, केसांच्या ब्रशऐवजी नायलॉनचा ब्रश किंवा स्पंजचा रोलर. सुतारास हे काम सुरू होण्यापूर्वी सांगितले तर त्यास अडचण नसते. मध्येच सांगितले तर उघडलेला डबा वाया जातो.

ज्यांस रसायनांचा वास नको असतो त्यांना विदर्भाचेच जवसाचे तेल उपयोगी पडते. सागावर त्याचा हात उबदार दिसतो. वाळण्यास मात्र दिवस लागतात. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून ढिगात ठेवल्या, तर त्या वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. काम संपताच त्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. कापडाच्या दुकानामागे असे काम चालू असेल तर ही गोष्ट मालकाने स्वतः पाहावी.

हंगामाचाही विचार हवा. पावसाळ्याच्या दमट हवेत मेलामाइनचे पॉलिश वाळताना पांढुरके पडते आणि ती झाक पुन्हा घासल्याशिवाय जात नाही. चातुर्मासात अनेक घरांत बांधकाम व तोडफोड टाळतात. जीवोत्पत्तीच्या काळातील हा संयम पॉलिशच्याही सोयीचा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे वर्धेतील सर्वांत अनुकूल महिने. पॉलिशनंतर वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि लहान मुलांस व वृद्धांस त्या खोलीत झोपवू नये.

बिलावरील नाव

शेवटची गोष्ट कागदाची. बिलावर नुसते ‘वुडन पॅनेल’ किंवा ‘डेकोरेटिव्ह शीट’ असे लिहून घेऊ नये. माल एमडीएफ आहे की डब्ल्यूपीसी, पीव्हीसी आहे की पॉलिस्टायरीन, हे, तसेच कंपनी, जाडी, नगसंख्या आणि जीएसटी, स्पष्ट लिहून घ्यावे. हमी कोणत्या गोष्टीची आहे तेही विचारावे. पुष्कळदा ती वाळवीपुरती असते, रंग उडण्याची किंवा वाकण्याची नसते. मालाचे खरे नाव लिहिण्यास विक्रेता का-कू करीत असेल, तर ग्राहकास आपला निर्णय तेथेच घेता येतो. ज्या कुटुंबांची पत पिढ्यान्‌पिढ्या मालाचे खरे नाव सांगून उभी राहिली, त्यांनी खरेदी करतानाही तोच नियम धरावा, हे सुसंगतच आहे.

लाकडासारखे दिसणारे प्लॅस्टिक लावणे हा दोष नव्हे. ते प्लॅस्टिक आहे हे जाणून, योग्य जागी, कोरड्या भिंतीवर, दिव्यापासून दूर लावले तर ते अनेक वर्षे निर्वेध सेवा देते. खरा साग ओल्या भिंतीवर लावला तर तोही काळा पडतो. तेव्हा या हिवाळ्यात ज्यांच्या घरी हे काम निघणार असेल, त्यांनी नमुन्यांचे पुस्तक मागविण्याच्या आधी चिकटपट्टी आणि प्लॅस्टिकचा एक तुकडा आणावा. दोन दिवसांनी भिंत जे सांगेल, त्यावरून पुढील अंदाजपत्रक करावे.